साहेबाचं क्रियापद

कर्जत, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८०८

स्वामींच्या चरणी अनसूयेचा नमस्कार.

पत्राच्या माथ्यावर काय लिहायचं ते तुम्ही शिकवलं नाहीत. अक्षरं शिकवलीत, जोडाक्षरं शिकवलीत, पण मला नवऱ्याला पत्र लिहायची वेळ येईल असं तुम्हालाही वाटलं नसणार. म्हणून आधी नमस्कार आणि लगेच भांडण.

भांडण असं, की निघताना तुम्ही 'जातो' म्हणालात. थट्टा होती हे मला कळलं. लॅम्बर्ट साहेब आपल्या ओटीवरून उठताना दर खेपेला 'मी जातो' म्हणतात. तुम्ही दर खेपेला सांगता, साहेब, आमच्यात येतो म्हणतात. आणि ते म्हणतात, पण मी तर जातो आहे. त्यांची ती मान ताठ करून उभं राहायची ढब तुम्ही हुबेहूब केलीत, 'बरे, मी जातो' म्हणालात, आणि मी पदर तोंडाला लावून हसले. सासूबाई हसल्या नाहीत. 'अरे, येतो म्हण,' करत त्या गाडीमागे देवळापर्यंत गेल्या. तुम्ही वळून काहीतरी म्हणालात, पण बैलांच्या घुंगरांत कोणालाच ऐकू आलं नाही. आता त्या रोज मला विचारतात, म्हणाला का गं तो? मी सांगते, म्हणाले. मला खोटं नीट बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा ते काय म्हणालात ते लिहून कळवा.

सगळा गाव विचारतो, साहेबाला रशियन शिकायला क्वेट्ट्यापर्यंत कर्जतचा मराठी मुन्शी कशाला लागतो? रशियाचं राज्य हिंदुस्थानच्या हद्दीजवळ सरकत आलं, म्हणून सरकारला ती भाषा जाणणारे अंमलदार हवे आहेत, एवढं मी सांगते. पुढचं काय सांगू? ओटीवर तुमची शिकवणी चालायची तेव्हा आत तांदूळ निवडत मी सगळं ऐकलं आहे. साहेब आले होते मराठी पक्कं करायला, आणि तुमच्यासमोर रोज रशियनचं पुस्तक उघडून कपाळाला हात लावायचे. वाक्य वाचायचे, त्याचा अर्थ सांगायचे आणि म्हणायचे, घर हा शब्द दर ओळीत निराळा का? मग तुम्ही म्हणायचात, साहेब, घर, घराला, घराने, घरातून, घरात. तसंच आहे. मग त्यांचा चेहरा जरा उघडायचा. इंग्रजीतून त्या भाषेला सरळ वाट नाही, मराठीवरून वळसा घेऊन जायचं, असं तुम्ही मला रात्री जेवताना सांगायचात. त्या वळशाचं तुम्हालाच जास्त वेड लागलं होतं.

आणि ती लिंगं. त्यांच्यात दार ही बाई आणि खिडकी नपुंसक. साहेब चिडून म्हणाले होते, दाराला कोणी सांगितलं की ती बाई आहे? तुम्ही म्हणालात, आमच्यात खिडकी बाई आणि दार नपुंसक, पण आमचं येणंजाणं कधी अडलं नाही. मला आत इतकं हसू आलं की निवडलेले तांदूळ पुन्हा सुपात मिसळले.

धाकलू परीट काल कपडे घेऊन आला होता. त्याच्या बायकोचा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही म्हणे. कसा जाईल? साहेबांनी पडेल चेहऱ्याने 'माझा परीट गेला' सांगितलं, आणि तुम्ही उपरणं टाकून, दोन माणसं बरोबर घेऊन पोशीरला समाचाराला गेलात. दार उघडलं तर आत धाकलू भाकरी खात बसलेला. भातकापणीला घरी गेला होता, एवढंच. साहेबांचं दुःख होतं ते सदऱ्यांचं. 'आमचा मानूस जिता हाय नि तुमी रडाया येता व्हय रं?' म्हणत ती तुमच्यामागे विहिरीपर्यंत आली होती. त्यानंतर तुम्ही साहेबांना बसवून शिकवलंत: 'मेला' जनावराला म्हणायचं, माणसाला कधीही नाही. माणूस परत येणार असेल तर 'जाऊन येतो म्हणाला' म्हणायचं. नुसतं 'गेला' तोंडातून काढताना दहादा विचार करायचा. साहेब म्हणाले, पण तुम्ही लोक तर दोन्हीला गेला म्हणता. खरं आहे. पण आपल्याला सुरावरून कळतं. साहेबांना सूर नाही, त्याला तुम्ही तरी काय करणार?

सहा महिने म्हणालात. सहाच. परीक्षा झाली की त्या क्वेट्ट्यात एक दिवसही जास्त राहू नका.

तुमची अनसूया


कर्जत, माघ शुद्ध तृतीया

स्वामींना नमस्कार.

पत्र पोचलं. सासूबाईंना आधी मोठ्याने वाचून दाखवलं, मग मनात पुन्हा वाचलं. तिकडे पाणी गोठतं हे त्यांना खरं वाटत नाही. भांडी घासायला आलेली भागूबाई मात्र लगेच म्हणाली, 'आसंल बाय, साह्यबाच्या मुलखात काय बी व्हतं.' कशेळ्याच्या पलीकडे ती जन्मात गेलेली नाही, त्यामुळे तिचा सगळ्यावर विश्वास बसतो.

माझ्या भांडणाला तुम्ही दिलेलं उत्तर मला पसंत नाही. येतो हा तोंडाने म्हणायचा शब्द आहे, लिहून पाठवला तर त्यात काही अर्थ नाही, समोरासमोर म्हणेन, असं लिहिलंत. समोर आल्यावर येतो म्हणून काय उपयोग? आलेलेच असाल ना?

तुम्ही लिहिलेले शब्द सासूबाईंना फार आवडले. भाऊ म्हणजे ब्रात, आपला भ्राताच की. आणि सून म्हणजे स्नखा. स्नुषा हा शब्द त्यांनी पुराणात ऐकलेला, म्हणून त्या एकदम खूष झाल्या. आता मला अनसूया म्हणतच नाहीत. 'ए स्नखा, चूल बघ. ए स्नखा, दूध उतू चाललं.' आई आपल्या वहिनीला असं काय म्हणते म्हणून दिगंबर भाऊजी चकित होऊन बघत राहिले. पण त्याच ओळीत तुम्ही व्दवा म्हणजे विधवा असंही लिहिलंत. तो शब्द कशाला लिहायचा? तुम्हाला शब्द भेटला की मागचंपुढचं भान राहत नाही. मी सासूबाईंना वाचताना तो गाळला.

साहेब पुन्हा नापास झाले हे वाचून वाईट वाटलं, पण हसूही आलं, आता काय करू? त्या भाषेत नुसतं 'गेला' नाहीच, ही गोष्ट तर मला फारच चांगली वाटली. जाऊन परत आला असेल तर खदील. निघाला, वाटेला लागला, तर पशोल. आणि इथून गेला, आता इथे नाही, तर उशोल. पशोल वाचून मला माझं माहेर पोशीरच आठवलं. साहेबांनी परीक्षकाला सांगायचं होतं, माझे वडील काल वैद्याकडे जाऊन आले. सांगितलं उशोल. परीक्षक विचारतो, मग वडील वैद्याकडेच राहायला गेले का? आणि साहेब म्हणतात, होय. मोठा माणूस, मिशा पिकलेला, बाहेर येऊन तुमच्यासमोर रडला, असं तुम्ही लिहिलंत. इंग्रजीत एक शब्द, तो सगळीकडे चालतो, म्हणून आयुष्यभर त्यांना कधी विचार करावा लागला नाही, आणि आता दर वेळी करावा लागतो, याची त्यांना दहशत बसली आहे, असंही लिहिलंत. वाचून मला त्यांची दया आली.

तुमची युक्ती चांगली आहे. तोंड उघडण्याआधी साहेबांनी बोट वर करायचं, मनात विचारायचं, परत आला की नाही आला? आणि मगच शब्द उच्चारायचा. या वयात त्यांना बोट वर करायला लावता, तुम्ही शाळामास्तरच व्हायचात.

पण शेवटी जे लिहिलंत ते काय? साहेबांना हद्दीवरच्या कामावर पुढे पाठवताहेत, तिथे रशियाची माणसं समोर येतील, रोज बोलायला मिळेल, पुढल्या खेपेला पास होतील, आणि तुम्हीही जाताय. 'तू हो म्हण' असं लिहिलंत. पत्र माझ्या हातात पडायला इतके दिवस लागले की तुम्ही केव्हाच निघाला असाल. नाही म्हटलं तर ते नाही तुम्हाला कुठे गाठणार? मी हो म्हणते. पण मनातून नाही.

अनसूया


कर्जत, चैत्र शुद्ध दशमी, शके १८०९

स्वामींना नमस्कार.

तुमचं चार ओळींचं पत्र आलं. तंबूत राहता, नदी जवळ आहे, वारा थांबत नाही, खोकला आहे पण काळजी नको. काळजी नको असं लिहिलं की काळजीच करायची असते, एवढं मराठी मलाही येतं. साहेबांना कधीमधी बरोबर येऊ लागलं आहे, आणि परवा एका रशियन अंमलदाराने त्यांचं बोलणं न हसता ऐकून घेतलं, हे मात्र मी भाऊजींना दोनदा सांगितलं. विद्यार्थी तुमचा आहे, म्हटलं कौतुक करून घ्यावं.

इथे मी त्या तीन शब्दांचा खेळ करून ठेवला आहे. भागूबाई कशेळ्याच्या बाजाराला निघाली की मी म्हणते, भागूबाई पशोल. ती आली की म्हणते, भागूबाई खदील. परवा ती टोपली खाली ठेवून म्हणाली, 'मंत्र घालता काय बाय माज्यावर?' मी अर्थ सांगितला. तिने विचार केला आणि म्हणाली, 'मंग तो तिसरा शब्द माज्यावर नगा टाकू. माजी पोरं हायेत.' मी म्हटलं, नाही टाकणार.

पाडव्याला गुढी भाऊजींनी उभारली. तुमच्या वाटणीचं श्रीखंड सासूबाईंनी झाकून ठेवलं होतं, ते तिसऱ्या दिवशी मांजराने खाल्लं. त्यांनी मांजराला काही केलं नाही, नुसत्या बसून राहिल्या.

चार महिने होतील आता. मोजत नाही, पण होतील.

अनसूया


कर्जत, श्रावण वद्य अष्टमी

स्वामींना नमस्कार.

पत्र नाही. चैत्रानंतर एकही नाही. क्वेट्ट्याच्या पत्त्यावर मी पाठवलेली पत्रं तुम्हाला मिळतात की नाही तेही कळत नाही. भाऊजी टपालकचेरीत जातात, रिकाम्या हातांनी येतात आणि माझ्याकडे न बघता मागल्या अंगणात पाय धुवायला जातात. पावलांवरूनच मला कळतं.

आजूबाजूच्या बायका आता माझ्याशी गोड बोलू लागल्या आहेत. ते मला मुळीच आवडत नाही. हळदीकुंकवाला गेले तर एकीने मला उगीच जवळ घेतलं. मी म्हटलं, अगं, ते रशियन शिकवायला गेलेत, लढायला नाही. मग तिने हात सोडला.

सासूबाई अजून विचारतात, म्हणाला का गं येतो? काल मी चिडले. म्हटलं, किती वेळा सांगू, म्हणाले.  संध्याकाळी त्यांनीच मला ताटावर बोलावलं आणि म्हणाल्या, 'स्नखा, जेव गं.' 

तुम्ही रागावला असाल तर तसं लिहा. आजारी असाल तर साहेबांना लिहायला सांगा. त्यांचं मराठी कसंही असो, मी लावून घेईन.

अनसूया


कर्जत, आश्विन शुद्ध द्वादशी

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही. तरी लिहिते, कारण आज या घरात सगळे रडताहेत आणि मला एकटीला भांडायचं आहे.

साहेब आले. एकटे. गाडीतून उतरले तेव्हा आधी ओळखूच आले नाहीत, इतके वाळले आहेत. ओटीवर त्यांच्या नेहमीच्या जागी बसले, तुमच्या बैठकीसमोर. भाऊजींनी पाणी पुढे केलं आणि विचारलं, साहेब, दादा कुठे आहे? मी दाराआड होते.

साहेब म्हणाले, 'हेमचंद्र गेला.'

तुमचं नाव इतक्या मोकळेपणी घेणारं या घरात दुसरं कोणी नाही, म्हणून ते ऐकलं की मला नेहमी संकोच वाटतो. आज वाटला नाही. साहेब म्हणाले, 'नदीकडे होतो. तो गेला. मी आलो.' मग दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. सासूबाई आतून धावत आल्या त्या उंबऱ्यावरच बसल्या. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, उठले, 'मी जातो' म्हणाले आणि गेले. खालापूरच्या बंगल्यातलं सामान आवरायला आलेत. दोन दिवसांत मुंबईला जाऊन विलायतेची बोट धरणार.

'गेला म्हणजे कसा ते विचारा' असं मी दाराआडून दोनदा म्हटलं. कोणाला ऐकू गेलं नाही. तोवर शेजारची माणसं जमली होती. भाऊजींनी भटजींकडे माणूस पाठवला. न्हाव्यालाही निरोप द्यावा लागेल, असं कोणीतरी म्हणालं. कोण ते मी बघितलं नाही. मी माझ्या हातातल्या बांगड्यांकडे बघत होते.

मग मी बाहेर आले. सगळ्यांसमोर, अशी कधी आले नव्हते. म्हटलं, साहेबांनी धाकलूलाही गेला म्हटलं होतं.

 भाऊजी हळूच म्हणाले, 'वहिनी, ते रडत होते.'

मी म्हटलं, परीक्षेत नापास झाले तेव्हाही रडले होते. त्यांना गेला म्हणता येत नाही, भाऊजी. तुमच्या दादांनी वर्षभर शिकवलं तरी येत नाही. मागे राहिला, पुढे गेला, रशियाच्या हद्दीत गेला, त्यांच्या तोंडी सगळं एकच. या एका शब्दावर तुम्ही माझ्या बांगड्या फोडणार?

 सासूबाई उंबऱ्यावर होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, 'तिला खालापूरला जाऊ दे. ती येईपर्यंत तिच्या हाताला कोणी हात लावायचा नाही. न्हाव्याला निरोप गेला तर मी विहिरीत जीव देईन.'

उद्या सकाळी नागूची गाडी सांगितली आहे. भागूबाई बरोबर येते. तुम्ही आहात की नाहीत हे उद्या कळणार. आज रात्रीपुरते तरी आहात.

अनसूया


कर्जत, आश्विन शुद्ध त्रयोदशी

स्वामींना नमस्कार.

जाऊन आले. खदील. बाईमाणसाला काय म्हणतात ते तुम्ही सांगितलं नव्हतंत.

वाटेत दोन्हीकडे भात पिकलं होतं. भागूबाई सारखी बोलत होती. 'धाकलू नवता का आला? तसंच आसंल बाय. ह्या साह्यबाची जीबच तशी हाय. तुमी बगा, मुन्शीदादा मागून येत्यात.' मीही तिला हूं हूं करत होते. ठाकुरवाडीच्या बाजूला घाटात आगगाडीची शिट्टी वाजली तेव्हा मनात म्हटलं, याच गाडीने येत असतील. पक्कं ठरवलं होतं की तुम्ही मागे राहिला आहात, पाय मोडला असेल, ताप असेल, आणि साहेबांना ते सांगता आलं नाही. तुमच्यावर काय काय ओरडायचं तेही ठरवलं होतं.

बंगल्याच्या पायरीवर साहेब बसले होते. मागे पेट्या बांधून ठेवलेल्या. मला बघून उभे राहिले, टोपी काढली. मी पदर पुढे घेऊन उभी राहिले. इतक्या जवळून मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

मी म्हटलं, साहेब, गेले म्हणजे?

ते म्हणाले, 'गेला.'

कुठे गेले?

'गेला.' आणि ते बुटांकडे बघत राहिले.

आता मी पुढे काय विचारायचं, सांगा. जो शब्द विचारायला हवा होता तो बायकोने नवऱ्याबद्दल तोंडातून काढायचा नसतो. मनात आला तरी जीभ चावायची असते. आणि साहेबांना तुम्हीच तो शब्द मना केला होतात. मेला जनावराला म्हणायचं, माणसाला नाही. ते तुमचं ऐकत होते, मीही तुमचं ऐकत होते. दोघे तुमचेच विद्यार्थी, आणि दोघांचीही तोंडं तुमच्या शिकवणीने बंद.

भागूबाई मागून म्हणाली, 'बाय, तो तुमचा मंत्र टाका की त्यांच्यावर.'

मी म्हटलं, साहेब, खदील?

साहेब दचकले. माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं हे शब्द माझ्याकडे कोणाकडून आले असतील, आणि त्यांचे डोळे भरले. मान हलवून म्हणाले, 'न्येत.' त्याचा अर्थ मला माहीत नव्हता, पण मान कळली.

मी म्हटलं, पशोल?

'न्येत.'

उशोल?

यावर त्यांनी बोट वर केलं. तुम्ही शिकवलं होतंत तसंच, शाळेतल्या मुलासारखं. ओठ हलत होते. परत आला की नाही आला, असं मनात विचारत होते ते मला दिसत होतं. मी देवाला म्हटलं, चुकू दे. आजवर सगळं चुकले आहेत, आज एकदा चुकू दे.

साहेब म्हणाले, 'उशोल, नाही.' मग बोट खाली घेतलं आणि हळू म्हणाले, 'ऊमिर.'

हा शब्द तुम्ही मला लिहून पाठवला नव्हता. पण त्यात मर होता. भाऊ ब्रात, सून स्नखा, तसा हाही आपलाच निघाला. मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

तुमचा विद्यार्थी पास झाला.

मी पायरीवर बसले. भागूबाईने मला धरलं. साहेबही खाली बसले, जमिनीवर, आणि मग जसं येईल तसं मराठीत सांगितलं. ज्येष्ठात खोकल्याचा ताप झाला. डॉक्टर दूर होता. साहेब स्वतः जवळ बसून होते. पलटणीतल्या आपल्याकडच्या शिपायांनी सगळं रीतीप्रमाणे केलं, नदीकाठी. पत्र लिहायला साहेब कितीदा बसले, पण क्रियापदापाशी येऊन थांबायचे, म्हणाले. चुकीचं लिहीन अशी भीती वाटायची. म्हणून मग स्वतःच आले, आणि ओटीवर तेच झालं. मला त्यांचा राग आला नाही. यायला हवा होता.

मग ते म्हणाले, 'एक गोष्ट विचारतो. मला समजली नाही. शेवटी मुन्शी जागा झाला. माझ्याकडे बघितला. दरवाजाकडे बघितला. म्हणाला, येतो. मी म्हणालो, कुठे येतो? झोप. नंतर ये. मग तो बोलला नाही.' ते माझ्याकडे बघत होते, खरंच उत्तर हवं असल्यासारखे. 'तो येतो का म्हणाला? तो तर जात होता.'

 भागूबाईच म्हणाली, 'आमच्यात तसंच म्हनत्यात, सायेब.'

 गाडी जुंपली तेव्हा साहेब माझ्यामागे फाटकापर्यंत आले. जातो म्हणाले नाहीत. 

घरी पोचले तेव्हा सासूबाई ओटीवर उभ्या होत्या. मी उतरले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं. तरी विचारलंच, नेहमीसारखं. 'म्हणाला का गं तो?'

मी म्हटलं, म्हणाले. येतो म्हणाले.

इतके महिने रोज त्यांना हेच सांगत आले. आज पहिल्यांदा ते खरं होतं. त्या मला जवळ घेऊन रडल्या. बांगड्या त्यांनीच उतरवल्या, एकेक करून, फोडू दिल्या नाहीत. 'स्नखा' म्हणत होत्या. आता मी व्दवा आहे, तो तुम्ही लिहिलेला आणि मी गाळलेला शब्द, पण त्यांना मी अजून स्नखाच आहे. न्हाव्याचं काय ते दहाव्या दिवशी ठरेल. त्या नको म्हणताहेत, भाऊजी गप्प आहेत. मी काही मागणार नाही.

या पत्रावर पत्ता नाही. एवढ्यासाठीच लिहिलं, की कोणी येतो म्हणालं तर घरच्या माणसाने उत्तर द्यायचं असतं, आणि तिथे घरचं कोणी नव्हतं. साहेबांना ती रीत ठाऊक नव्हती. ते म्हणाले, नंतर ये. तुम्ही उत्तराची वाट बघितली असेल.

या.

तुमची अनसूया